साठ मिनिटांना साठच मिनिटं

सुरुवातीलाच एक गणित. घाबरू नका, एम-थ्री नाही, पाचवीतलं आहे. ॲपल म्युझिकने ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर केलं की त्यांच्याकडे आता १० कोटी गाणी झाली. एक गाणं सरासरी साडेतीन मिनिटांचं धरा. झाली ३५ कोटी मिनिटं. भागिले ६०, भागिले २४, भागिले ३६५. उत्तर साधारण ६६५ वर्षं! म्हणजे बहामनी राज्य नवीन नवीन असताना (स्थापना १३४७, आठवा सातवीचा इतिहास) कुणी कानात इअरफोन घातला असता आणि न झोपता, न जेवता ऐकत बसला असता, तर तो आत्ता कुठे शेवटच्या गाण्यापाशी आला असता.

सांगायचा मुद्दा, गाण्यांची टंचाई नाही. मग हॉस्टेलवर, कट्ट्यावर, बसमध्ये रोज तेच वाक्य का ऐकू येतं, "यार, काहीतरी नवीन सांग ना ऐकायला"? समोरचा लिंक पाठवतो. आपण अंगठा पाठवतो. पहिली वीस सेकंदं ऐकतो, पुढे ढकलतो, विषय संपला. दुसऱ्या दिवशी "ऐकलंस का?" "हो, भारीये!" ऐकलेलं नाही हे दोघांनाही माहीत असतं. तरी कुणी बोलत नाही, कारण आपणही त्याला हेच करतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की एखाद्याला गाणं खरोखर द्यायचं असेल तर देणाऱ्याला त्यात स्वतःचा वेळ घालावा लागतो, आणि घेणाऱ्यालाही तेवढाच घालावा लागतो. नाहीतर ते देणं नाही, नुसतं फॉरवर्ड. हे मला शिकवलं कॅसेटने. हो, तीच ती, प्लॅस्टिकची, दोन भोकांची, पेन्सिल घालून गुंडाळायची. गेली अडीच वर्षं मी आणि आपल्या डिपार्टमेंटच्या लॅबमधले काका घरी भरलेल्या कॅसेट्सची अदलाबदल करतोय. आत्तापर्यंत माझ्याकडून १४ गेल्या आणि त्यांच्याकडून १५ आल्या. म्हणजे या घडीला एक माझ्यावर बाकी आहे.

काकांचं नाव लिहीत नाही. त्यांनीच बजावलंय. "मासिकात नाव छापून आलं की प्रिन्सिपॉल विचारतील, लॅबमध्ये गाणी कोण वाजवतं म्हणून!"

हे सुरू कसं झालं ते सांगते. सेकंड इयरला मिनी प्रोजेक्टसाठी आमच्या ग्रुपने ऑडिओ ॲम्प्लिफायर घेतला होता. आमच्या घरी माळ्यावर बाबांचा जुना कॅसेट डेक धूळ खात पडला होता. त्यातला ट्रान्सफॉर्मर काढून वापरायचा, फुकटात काम, असा बेत. लॅबमध्ये स्क्रू ड्रायव्हर मागायला गेले तर काका डेककडे बघून म्हणाले, "काय गं, जित्या माणसाची किडनी काढताय होय?" त्यांनी स्वतः झाकण उघडलं. आतला रबरी बेल्ट वितळून डांबरासारखा चिकटला होता. तो खरवडून काढला, दुसऱ्या दिवशी नवीन बेल्ट आणून बसवला, हेड आणि पिंच रोलर अल्कोहोलने पुसले आणि कपाटातून एक कॅसेट काढून लावली. डेक वाजायला लागला! ट्रान्सफॉर्मर मग आम्ही मुकाट्याने बाजारातून आणला. ती कॅसेट काकांनी परत घेतली नाही. म्हणाले, "घरी ने, ऐक. आणि नुसती ऐकू नकोस. तुझं काहीतरी भरून दे मला."

पोरांनी अर्थातच टोमणे मारले. "टर्मवर्कचे मार्क पक्के झाले तुझे!" मित्रांनो, मार्क काकांच्या हातात नसतात. काकांच्या हातात फक्त चांगले चालणारे सीआरओ प्रोब असतात, आणि ते त्यांनी मला एकदाही आधी दिलेले नाहीत.

आता थोडी थिअरी, म्हणजे लेखाला 'टेक्निकल' म्हणता येईल आणि संपादक खूश होतील. आज आपण जिला कॅसेट म्हणतो ती फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर ठेवली. ती बनवणाऱ्या टीमचे प्रमुख होते लू ओटेन्स नावाचे डच इंजिनिअर, २०२१ मध्ये ते वारले. आतली फीत ३.८१ मिलिमीटर रुंद. हेडसमोरून ती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते. सी-६० म्हणजे दोन्ही बाजू मिळून ६० मिनिटं, एका बाजूला ३०. गुणाकार करा, फीत भरते साधारण ८६ मीटर. उलटी केली की तीच फीत, फक्त रुंदीचा दुसरा अर्धा भाग वाचला जातो.

या सगळ्यातून दोन गोष्टी निघतात, आणि माझा अख्खा लेख त्यांवर उभा आहे. एक, कॅसेटला रँडम ॲक्सेस नाही. चौथ्या गाण्यापर्यंत जायचं तर पहिल्या तिघांवरूनच जावं लागतं. फास्ट फॉरवर्ड आहे, पण तो आंधळा, कुठे थांबायचं ते कळत नाही. त्यापेक्षा माणूस ऐकून घेतो. दोन, कॉपी-पेस्ट नाही. डबल डेकवर कॅसेटवरून कॅसेटवर घ्यायला हायस्पीड डबिंगचं बटण असायचं, पण फोनमधून किंवा रेडिओवरून भरायचं तर गाणं जेवढ्या मिनिटांचं तेवढी मिनिटं तुम्हाला तिथे बसावंच लागतं. साठ मिनिटांना साठच मिनिटं. वशिला नाही, शॉर्टकट नाही, सीनियरची फाइल नाही!

खरं तर साठही नाही. एका कॅसेटला माझा अख्खा रविवार जातो. आधी कागदावर यादी. मग बेरीज. ए साइडची गाणी २८ मिनिटं ४० सेकंदं झाली, उरला एक मिनिट वीस सेकंद. तिथे काय टाकायचं? मोकळं ठेवलं तर काका म्हणणार, "एवढी जागा वाया घालवलीस?" आणि मोठं गाणं टाकलं तर ते मध्येच कापलं जाणार, म्हणजे तर गुन्हाच. सुरुवातीची पाचेक सेकंदं कोरी पट्टी असते, तिच्यावर काही रेकॉर्ड होत नाही, ती आधी पुढे सरकवायची. लेव्हल लावायची. कमी ठेवली तर गाण्यापेक्षा फिस्स आवाज जास्त, वाढवली तर आवाज फाटतो. प्रत्येक गाण्यानंतर पॉझ. पुढचं गाणं किती वेळाने सुरू व्हायला हवं हे बोटाने ठरवायचं. जोराच्या गाण्यानंतर लगेच हळवं गाणं आलं तर कसंतरी होतं, दोन सेकंदांची शांतता जास्त ठेवली तर चालून जातं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, भरता भरता कळलं.

कोऱ्या कॅसेट्स आता सहज मिळत नाहीत, म्हणून आम्ही जुन्याच वापरतो. विकतच्या कॅसेटच्या वरच्या कडेची दोन छोटी प्लॅस्टिकची पानं तोडलेली असतात, म्हणजे चुकून तिच्यावर रेकॉर्ड होऊ नये. त्या खाचांवर चिकटपट्टी लावली की झाली कोरी कॅसेट तयार. काकांकडे 'इंग्रजी बोलायला शिका' छाप कॅसेट्सचा गठ्ठा होता, त्यावर आमचा निम्मा व्यवहार चाललाय. डेकचं इरेज हेड आता थकलंय. त्यामुळे एखाद्या शांत आलापाच्या मागे अगदी बारीक आवाजात एक बाई दुकानदाराला साबणाची किंमत इंग्रजीत विचारताना ऐकू येतात. आम्हाला त्याची सवय झालीये.

सी-९० का नाही, असं मी विचारलं होतं. सी-१२० पण येते. काका म्हणाले, "जेवढी लांब, तेवढी फीत पातळ, तेवढी गुंतायची भीती जास्त. आणि समोरच्याचा किती वेळ मागायचा, याला काही मर्यादा नको का?" हे दुसरं वाक्य मला फार आवडलं. किती वेळ मागायचा! आपण कुणाला शंभर गाण्यांची प्लेलिस्ट पाठवतो तेव्हा त्याच्या आयुष्यातले सहा तास मागत असतो. तो देत नाही आणि आपल्यालाही ते अपेक्षित नसतं, म्हणूनच आपण इतक्या सहज पाठवतो.

आता देवाणघेवाणीबद्दल. माझ्या पहिल्या कॅसेटमध्ये मी द लोकल ट्रेन, प्रतीक कुहाड आणि डिव्हाइनचं रॅप भरलं होतं. मनात म्हटलं, साठीकडे झुकलेला माणूस, दोन गाण्यांत कंटाळेल. आठवड्याने उत्तर आलं, कॅसेटच्या रूपात. ए साइडला प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप, बी साइडला शाहीर साबळे. आतल्या कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, "तुमच्या रॅपचे काका." ऐकलं आणि खरंच पटलं. ठेक्यावर शब्द फेकणं, समोरच्या गर्दीला प्रश्न विचारणं, आपल्या वस्तीचं, आपल्या माणसांचं नाव छातीठोकपणे घेणं, हे सगळं इथे आधीपासून होतं. मी ते मुंबईच्या गल्लीत आणि त्याआधी अमेरिकेत शोधत होते. एवढं सगळं त्यांनी एकही लेक्चर न देता सांगितलं. फक्त माझ्या कॅसेटला उत्तर म्हणून कुठली गाणी भरायची, ते निवडलं.

सहाव्या कॅसेटची बी साइड पूर्ण कुमार गंधर्वांची होती, निर्गुणी भजनं. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "काका, नाही जमलं." ते म्हणाले, "जमायला ती काय व्हायवा आहे? अजून दोनदा लाव." अजून दोनदा लावलं. तिसऱ्या वेळी पीसीबी सोल्डर करत बसले होते, आणि एकदम लक्ष गेलं ते त्यांच्या थांबण्याकडे. तान छोटी, मग थोडी शांतता, मग पुन्हा. नंतर वाचलं की तरुणपणी क्षयरोग झाल्यामुळे त्यांचं गाणं काही वर्षं बंद होतं, देवासला आजारपणात पडल्या पडल्या त्यांनी माळव्यातली लोकगीतं ऐकली आणि पुढे वेगळंच गाणं घेऊन ते उभे राहिले. पण हे वाचायच्या आधीच मला ते थांबणं ऐकू आलं होतं, याचा मला जास्त आनंद आहे. फोनवर असते तर तिसरी वेळ आलीच नसती. पहिलीसुद्धा चाळीस सेकंदांत संपली असती.

कार्डाबद्दल सांगायचं राहिलं. काकांचा नियम असा की प्रत्येक गाण्यापुढे गायक, संगीतकार, गीतकार आणि वर्ष लिहायचं. गायकाचं नाव ॲपवर मोठ्या अक्षरात असतं, गीतकाराचं शोधावं लागतं. शोधायला लागले तेव्हा कळलं की माझ्या आवडीची कितीतरी गाणी एकाच माणसाने लिहिलेली आहेत आणि मला त्याचं नावही माहीत नव्हतं. इंजिनिअरिंगच्या मुलांनी तरी हे समजून घ्यावं. उद्या आपण केलेल्या डिझाइनवर दुसऱ्याच कुणाचं नाव लागलं तर आपल्याला कसं वाटेल?

आणि नववी कॅसेट! शेवटचं गाणं संपलं, मी बटण दाबायला हात पुढे केला, तर पेटीचा आवाज आला. नंतर टाळ. नंतर काकांचाच आवाज! काका त्यांच्या गल्लीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवतात आणि गातातही. उरलेल्या चार मिनिटांत त्यांनी घरी बसून स्वतःचं गाणं भरलं होतं. मागे कुकरच्या तीन शिट्ट्या स्पष्ट मोजता येतात. लॅबमध्ये मी काही बोलले नाही, तेही काही बोलले नाहीत. फक्त पुढच्या कॅसेटच्या शेवटी मी जागा ठेवली आणि माझ्या युकुलेलेवर अडखळत एक चाल वाजवून भरली. मी गॅदरिंगच्या स्टेजवर कधी चढले नाही आणि चढणारही नाही. पण एका माणसासाठी वाजवायला भीती वाटली नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं ठीक आहे, पण गाणी सुचवायला आता सॉफ्टवेअर आहे की! आहे. आणि चांगलं आहे. स्पॉटिफायने २०१५ मध्ये दर सोमवारी प्रत्येकाला त्याच्या आवडीची ३० गाणी द्यायला सुरुवात केली, भारतात ते २०१९ मध्ये आलं. मीही वापरते. पण त्याचं तत्त्व काय आहे ते आपल्या कॉम्प्युटरवाल्यांनाच विचारा. तुमच्यासारखं ऐकणारे इतर लोक शोधायचे, आणि त्यांनी ऐकलेलं पण तुम्ही न ऐकलेलं तुम्हाला द्यायचं. म्हणजे मूळ कल्पनाच अशी की तुम्हाला तुमच्यासारख्यांशी जोडायचं. माझ्यासारख्या वीस वर्षांच्या मुलीला आणि काकांना कुठलंही सॉफ्टवेअर एका रांगेत बसवणार नाही. आम्हाला जोडलं ते वितळलेल्या बेल्टने! आणि आमच्यात साम्य होतं ते एकाच बाबतीत, दोघांनाही गाण्याचं वेड. बाकी सगळाच फरक, आणि देण्यासारखं जे काही होतं ते त्या फरकातच होतं.

शिवाय सॉफ्टवेअर मला गाणं देतं, पण माझ्याकडून काही मागत नाही. काका मागतात. पुढच्या कॅसेटची वाट बघतात. "काय गं, परीक्षा झाली ना? मग?" एवढंच म्हणतात आणि मला रविवारी बसावं लागतं. कुणीतरी आपल्या आवडीची वाट बघतंय, ही भावना १० कोटी गाण्यांत मिळत नाही.

वाट बघण्यावरून आठवलं. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू होतं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, आठवड्याला एक नवं गाणं, एकूण ५६. माझी पणजी सांगायची की रेडिओ एका घरी आणि ऐकायला अर्धी आळी. आता ती ५६ गाणी एका क्लिकवर सलग ऐकता येतात. सोय वाईट नाही, मी तक्रार करत नाहीये. पण एक गाणं आठवडाभर मनात घोळवत ठेवायची जी सवय त्या लोकांना होती, ती आपण मुद्दाम लावून घेतल्याशिवाय आपल्याला लागणार नाही.

दुसरा आक्षेप, 'शायनिंग'. जुनं काहीतरी हातात धरायचं आणि फोटो टाकायचा. हे होतं, मान्य. परदेशात कॅसेट्स पुन्हा फॅशनमध्ये आल्यात, नवे गायक कॅसेट काढतात आणि घेणाऱ्यांतल्या कित्येकांकडे ती वाजवायचं यंत्रही नसतं. मला त्याचं कौतुक नाही. स्पष्टच सांगते, आवाजाच्या बाबतीत कॅसेट फोनच्या मागे आहे. फिस्स आवाज येतो, वेग किंचित वर-खाली होतो, उन्हाळ्यात बेल्ट सैल पडतो. सिग्नल टू नॉइज रेशो काढून बघा, वाद संपेल. मी कॅसेटची वकिली करत नाही. कॅसेट आपल्याला ज्या शिस्तीत बसवते, त्या शिस्तीची वकिली करते.

तिसरा आक्षेप गंभीर आहे. ही चोरी नाही का? १९८१ मध्ये ब्रिटनच्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने मोठी मोहीम काढली होती, घरी टेप करणं संगीताला मारतंय म्हणून. पोस्टरवर कॅसेट आणि तिच्याखाली दोन हाडं, धोक्याच्या चिन्हासारखी. संगीत काही मेलं नाही. पण म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात नकली कॅसेट्सचा धंदा जोरात होता आणि त्यात कलावंतांच्या हक्काचे पैसे बुडाले. त्याच काळात दुसरीही गोष्ट घडली. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ च्या 'कॅसेट कल्चर' या पुस्तकात ती सविस्तर मांडलीये. त्याआधी रेकॉर्डचा बाजार जवळजवळ एकाच कंपनीच्या हातात आणि मुख्यतः सिनेमाच्या गाण्यांचा. कॅसेट स्वस्त, बनवायला सोपी, त्यामुळे छोट्या कंपन्या निघाल्या आणि लोकगीतं, भक्तिगीतं, बोलीभाषांतली गाणी घराघरांत गेली. म्हणजे एकाच यंत्राने लुबाडलंही आणि दारही उघडलं.

मला वाटतं, रेषा पैशापाशी काढावी. अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या बँडने १९८४ पासून स्वतःच्या कार्यक्रमांत रेकॉर्डिंग करणाऱ्या चाहत्यांसाठी वेगळी जागाच ठेवली. अट एक, अदलाबदल करा, विकू नका. आम्हीही तेच पाळतो. एक प्रत, एका माणसाला, पैशाचा संबंध नाही. आणि त्यात आणखी एक भर काकांची. आवडलं तर त्या कलावंताला कुठल्या तरी मार्गाने पैसे पोचवायचे. इंडियन ओशनचा 'कंदिसा' हा २००० सालचा अल्बम मी त्यांना भरून दिला होता, त्यांनी नंतर शोधून मूळ सीडी विकत घेतली. कायद्याचा कीस वकिलांनी काढावा. मला एवढं कळतं की ज्याला आपण तासभर मन लावून ऐकलं त्याला लुटावंसं वाटत नाही.

आता मुख्य गोष्ट. काका येत्या मे महिन्यात रिटायर होतायत. ३२ वर्षं झाली त्यांना या कॉलेजात. हजारो मुलांनी त्यांच्याकडून मल्टिमीटर घेतला, सही केली, परत दिला. फेअरवेलला त्यांना शाल-श्रीफळ मिळेल, भाषणात 'मनमिळाऊ' हा शब्द येईल, फोटो निघेल. पण ते पेटी वाजवतात हे किती जणांना माहीत असेल? मलाही माहीत झालं नसतं. आम्ही दोघं समोरासमोर बसून गप्पा मारायला लागलो असतो तर दोन मिनिटांत विषय संपला असता. "काय, परीक्षा कधी?" "डिसेंबरमध्ये." "बरं." वयाचं अंतर, हुद्द्याचं अंतर, मुलगी-पुरुष हे अंतर, सगळं मध्ये येतं. कॅसेट ते अंतर ओलांडून गेली, कारण तिच्यात बोलावं लागत नाही, निवडावं लागतं.

आपण चार वर्षं या इमारतीत काढतो. रोल नंबर माहीत असतात, सीजीपीए माहीत असतात, कुणाचं कुठे प्लेसमेंट झालं आणि पॅकेज किती, हे तर तोंडपाठ. शेजारच्या बेंचवरचा मुलगा रात्री दिवा मालवल्यावर काय ऐकतो, हे माहीत नसतं. मग फायनल इयरच्या मेमध्ये गळ्यात पडून रडतो आणि पुढच्या मेपर्यंत विसरतो. याला मी ओळख म्हणत नाही.

म्हणून एक प्रस्ताव. कॅसेट डेक शोधत फिरायची गरज नाही. फोनवरच करा, पण नियम कॅसेटचे पाळा.

एक, माणूस निवडा. ग्रुप नाही, एकच माणूस. शक्यतो आपल्यासारखा नसलेला. रूममेट, मेसच्या काकू, लायब्ररीतले सर, नाहीतर स्वतःचे बाबा.

दोन, ६० मिनिटं. एक सेकंदही जास्त नाही. तीस-तीसच्या दोन बाजू, आणि मध्ये ब्रेक.

तीन, यादी पाठवण्याआधी स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच क्रमाने, एकदा ऐका. आपल्यालाच कंटाळा आला तर दुसऱ्याने का ऐकावं?

चार, हाताने कार्ड लिहा. गायक, संगीतकार, गीतकार, वर्ष. 'हे गाणं तुलाच का' याची एक ओळ लिहिली तर उत्तम, नाही सुचली तरी चालेल.

पाच, घेणाऱ्याने स्किप करायचं नाही. आवडलं नाही तर तोंडावर सांगायचं. आणि महिन्याच्या आत उत्तरादाखल स्वतःची ६० मिनिटं द्यायची.

एवढं करून बघा. जमलं नाही तर नुकसान काय, दोन रविवार जातील. तसेही ते रील्स बघण्यात जातातच.

माझी पंधरावी कॅसेट अजून अर्धी आहे. ए साइड भरून झालीये, बी साइडला सहा मिनिटं उरलीत, आणि या वेळी तिथे माझं वाजवलेलं टाकायचं की मदन मोहनचं एखादं, ते ठरत नाहीये. मेच्या आधी द्यायची आहे. काकांनी सांगून ठेवलंय की रिटायर झाल्यावरही व्यवहार चालू राहील, फक्त लॅबऐवजी घरी यायचं, आणि येताना कुकरच्या शिट्ट्या सहन करायची तयारी ठेवायची.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर सबमिशनच्या आधी करा. नंतर वेळ मिळत नाही, अनुभवाचे बोल आहेत!